पाऊस पडला आणि कपाशी सुकली: आकस्मिक मर ओळखायची कशी, थांबवायची कशी

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा प्रश्न हमखास येतो. पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारलेली असते, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, तरी कपाशी हिरवीगार आणि पाते-बोंडांनी लदलेली असते. मग मघा नाहीतर पूर्वा नक्षत्रात एका रात्रीत मुसळधार कोसळतो. सकाळी कडक ऊन. दुपारी शेतात जावं तर मधूनमधून झाडांनी माना टाकलेल्या. हे झाड लुळं, शेजारचं ताठ. वीस दिवस पाण्याविना तगलेलं झाड पाणी मिळाल्यावर का मरतं, हे काही केल्या पटत नाही, आणि मग बुरशीनाशक, टॉनिक, कीटकनाशक असा सगळा काला पंपात जातो.

हा प्रकार म्हणजे आकस्मिक मर. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत पॅराविल्ट हे नावही दिसेल. विदर्भात ‘पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) उबळली’ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. यात बुरशी, जिवाणू, विषाणू कोणाचाच हात नसतो. आधी कोरड, मग लगेच गुदमर आणि वरून ऊन, असे ताण एकमेकांच्या पायात पाय घालून आले की झाड कोलमडतं. एकटा पावसाचा खंड कपाशी निभावून नेते. एकटं दिवसभराचं साचलेलं पाणीही ती बहुधा निभावते. जोडीने आले की तिचा हिशेब चुकतो. उपाय करताना ही जोडी लक्षात ठेवली नाही तर पैसा जातो आणि झाडही जातं.

आज झाडं सुकली असतील तर

पुढचं विवेचन नंतर वाचा, आधी फावडं घ्या. सऱ्यांत साचलेलं पाणी शेताबाहेर निघालं पाहिजे. उताराच्या बाजूचा बांध एका जागी फोडा, सरीच्या तोंडाशी अडकलेला गाळ आणि काडीकचरा काढा, सखल जागेपासून धुऱ्यापर्यंत वीतभर खोल चर मारा. याला औषध लागत नाही, म्हणून याला महत्त्व दिलं जात नाही. पण मुळाशी हवा गेल्याशिवाय बाकी कशाचाच उपयोग नाही.

आणि मोटर चालू करू नका. झाड सुकलेलं दिसलं की हात आपसूक स्टार्टरकडे जातो. या मरीत सगळ्यात जास्त झाडं याच सवयीने जातात. वरचा थर उन्हाने पांढरा दिसत असला तरी खाली चिखल असू शकतो. खुरप्याने बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खड्डा करून बघा. त्याच्या तळाशी पाणी झिरपत असेल, किंवा मातीचा गोळा दाबल्यावर बोटांतून चिकट गाळ निघत असेल, तर त्या झाडाला पाण्याची नाही, हवेची गरज आहे.

पाणी निघालं की आळवणी, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतणं. लक्षणं दिसल्यापासून ३६ ते ४८ तासांच्या आत झाली तर झाड हाती लागण्याची शक्यता बरी असते. त्यानंतर मुळं कुजू लागतात आणि मजुरीही वाया जाते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेले दोन पर्याय वर्षानुवर्षं वापरात आहेत. पहिला: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश म्हणजे ००:००:५० खत, आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. दुसरा: २०० लिटर पाण्यात १ किलो १३:००:४५, २ ग्रॅम कोबाल्ट क्लोराइड आणि २५० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड. दोन्हींपैकी एकच निवडा, आणि प्रत्येक सुकलेल्या झाडाच्या बुंध्याशी साधारण १०० मिली ओता. ओतल्यावर बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्या, कारण पावसाने आणि वाऱ्याने झाड हललेलं असतं आणि खोडाभोवती मातीत फट पडलेली असते.

१०० मिलीच्या हिशेबाने २०० लिटरचा ड्रम दोन हजार झाडांना पुरतो. सुकलेली झाडं शेतभर विखुरलेली असतात. तेवढ्यांनाच आळवणी करा. पूर्ण एकराला घालत बसाल तर ४८ तास निघून जातील. एक माणूस ड्रमवर, दोघं बादली आणि डबा घेऊन सरीत, असं केलं की काम उरकतं. आदल्या दिवशी सुकलेल्या झाडांना चिंधी बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ताठ दिसू शकतात आणि मग नेमकी कुठली होती ते सापडत नाही.

दुसऱ्या पर्यायातल्या कोबाल्ट क्लोराइडची मात्रा दर लिटरला १० मिलिग्रॅम एवढीच बसते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची या मरीसाठी पानांवर फवारणीची जी शिफारस आहे, तीही याच मात्रेची, १० पीपीएमची. १५ लिटरच्या पंपाला हे १५० मिलिग्रॅम होतात आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ते मोजता येत नाहीत. सोपा मार्ग असा: सोनाराकडून किंवा प्रयोगशाळेतून बरोबर १ ग्रॅम मोजून घ्या, ते १ लिटर पाण्यात विरघळवा, आणि त्या पाण्यातले १५० मिली दर पंपात घाला. गुलाबी-तांबूस खडे असतात. विषारी आहे, हातमोजे घाला, त्या बाटलीवर ठळक लिहून ठेवा आणि घरात पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवू नका. अंदाजाने चिमूटभर टाकण्याचा पदार्थ हा नव्हे. जास्त झालं तर पानं भाजतात.

हीच मर आहे ना?

पाऊस आणि सुकणं यांचा काळ जुळला म्हणून ती आकस्मिक मर असेलच असं नाही. खात्री करायला पाच मिनिटं पुरतात आणि एक झाड बळी द्यावं लागतं.

सुकलेलं झाड धरून वर ओढा. सहज हातात आलं तर संशय मुळकुजीवर किंवा हुमणीवर. मुळकुजीत मुळाची साल धाग्यासारखी सुटते, मूळ पिवळट आणि चिकट लागतं. हुमणीने मुळं कुरतडलेली दिसतात, आणि ओळीने लागोपाठ झाडं गेलेली असतात. माती उकरली की पांढरी अळी सापडतेच. आकस्मिक मरीचं झाड मात्र घट्ट रोवलेलं असतं, उपटायला जोर लागतो, आणि सोटमूळ निदान पहिल्या दिवशी तरी धडधाकट दिसतं.

मग खोड बुंध्यापासून उभं चिरा. आत तपकिरी रेघ दिसली तर बुरशीजन्य मर. स्वच्छ पांढरं असेल तर आकस्मिक मर. भारतात फ्युजेरियम बुरशीची मर येते ती मुख्यतः देशी कपाशीवर. अमेरिकन जातीची कपाशी, आणि आपल्याकडचे जवळजवळ सगळे बीटी संकरित वाण त्यातच मोडतात, इथल्या फ्युजेरियमला दाद देत नाही. त्यामुळे बीटी कपाशीवर पावसानंतर काही तासांत झाडं सुकली आणि कोणी फ्युजेरियमचं औषध सुचवलं, तर आधी खोड चिरून दाखवायला सांगा.

पानं लाल पडण्याच्या विकाराशी, म्हणजे लाल्याशी, गल्लत होते, कारण आकस्मिक मरीतही काही दिवसांनी पानं तांबूस होतात. पण लाल्या आठवड्या-आठवड्याने चढतो, नत्र-मॅग्नेशियमच्या कमतरतेने किंवा रात्रीच्या थंडीने, आणि पानं ताठ राहून लाल होतात. तुडतुड्यांनी पानांच्या कडा वाकतात आणि तांबूस होतात, उलटून पाहिलं तर फिकट हिरवे तिरके चालणारे किडे दिसतात. दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळपर्यंत सावरली, तर ती नुसती उन्हाची झापड, तिथे काही करायचं नसतं. संध्याकाळीही सावरली नाहीत तर घड्याळ सुरू झालं असं समजा.

आणखी एक खूण म्हणजे शेतातलं चित्र. रोग एका जागी सुरू होऊन गोलाकार पसरतो. ही मर शेतभर तुरळक येते, आणि पहिली पडतात ती सगळ्यात जोमदार, सगळ्यात जास्त बोंडं लागलेली झाडं. खुरटं झाड तसंच उभं राहतं. ‘चांगलं तेच नेलं’ ही तक्रार या मरीत अक्षरशः खरी असते.

पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने कसं मरतं

खंड पडतो तेव्हा कपाशी स्वतःला बदलून घेते. मुळं ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वर पाठवतात, पानं पर्णरंध्रं आकसून घेतात, पेशी साखर आणि प्रोलिनसारखी द्रव्यं साठवून पाणी धरून ठेवतात. वरच्या थरातली बारीक मुळं वाळतात, काही भेगा पडताना तुटतात, आणि जिवंत मुळं खोल जातात. थोडक्यात झाड खालच्या ओलीवर जगायला शिकतं. इथपर्यंत ते चुकत नाही, कारण पाऊस कधी येणार हे त्याला ठाऊक नसतं.

मग पाऊस येतो. काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि एकदा फुगल्यावर ती माती पाणी खाली सोडायलाच तयार नसते. मातीतल्या पोकळ्यांत हवा होती तिथे आता पाणी. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. माती गरम असते, मुळं आणि जिवाणू दोन्ही जोरात श्वास घेत असतात, त्यामुळे उरलेला ऑक्सिजन लवकर संपतो. थंड दिवसांत हेच पाणी तितकं नडत नाही.

ऑक्सिजन संपला की मूळ किण्वनावर, म्हणजे हवेविना साखर मोडण्यावर, येतं. एका ग्लुकोजपासून हवेत ३० च्या आसपास एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात, हवेविना फक्त २. एवढ्या उपासमारीत पेशीतला रस आम्लधर्मी होऊ लागतो. मुळाच्या पेशींच्या पडद्यात पाणी आत घेणारी प्रथिनांची बारीक दारं असतात, ॲक्वापोरिन. फ्रान्समध्ये माँपेलिएच्या संशोधकांनी २००३ मध्ये ॲराबिडोप्सिस या छोट्या रोपावर दाखवलं की ऑक्सिजन तुटला आणि पेशी आम्लधर्मी झाली की ही दारं मिटतात. म्हणजे सभोवती पाणीच पाणी आणि मूळ ते घेऊ शकत नाही.

वर काय चाललेलं असतं? ऊन कडक, पानं तापलेली. कपाशी बाष्पोत्सर्जनानेच पान थंड ठेवते. पावसाची ओल मिळाल्याने खंडात आकसलेली पर्णरंध्रं उघडलेली असतात. खालचं दार मिटलेलं आणि वरचं उघडं, अशा वेळी मोठ्या घेराचं, बोंडांनी भरलेलं झाड काही तासांत रिकामं होतं. लहान झाडाचा खर्चच कमी, म्हणून ते वाचतं. ढगाळ हवा चार दिवस टिकली तर पाणी साचूनही मर कमी दिसते, तीही याच कारणाने. पावसानंतरचं लख्ख ऊन बघून आपल्याला बरं वाटतं, कपाशीला नाही.

यात इथिलीन या वायुरूप संप्रेरकाची भर पडते. गुदमरलेल्या मुळात एसीसी नावाचा पदार्थ साठतो. त्याचं इथिलीन व्हायला ऑक्सिजन लागतो, तो मुळात नसतो; म्हणून एसीसी रसाबरोबर वर चढतं आणि पानांत, जिथे हवा भरपूर आहे, तिथे त्याचं इथिलीन होतं. पानाचे देठ खाली वाकतात, पाते आणि कोवळी बोंडं गळतात, जून बोंडं अवेळी उमलतात. कोबाल्टचा आयन एसीसीपासून इथिलीन बनवणारं शेवटचं विकर अडवतो. कोबाल्ट क्लोराइडच्या शिफारशीमागे एवढंच आहे. ते मुळाला हवा देत नाही, फक्त झाडाला थोडा अवधी देतं. म्हणूनच चर न काढता नुसती फवारणी करणाऱ्यांची निराशा होते.

नत्राचंही नुकसान होतं. साचलेल्या पाण्यात नायट्रेटचा काही भाग निचऱ्याबरोबर खाली जातो, काही जिवाणू वायू करून उडवतात, आणि मूळ जे उरलं तेही घेऊ शकत नाही. आळवणीत युरिया किंवा १३:००:४५ असतं ते यासाठी. कॉपर ऑक्सिक्लोराइड मात्र या मरीचं औषध नव्हे. अर्धमेल्या मुळांवर नंतर येणाऱ्या बुरशीला आधीच अटकाव, एवढंच त्याचं काम. दुकानातून एकच वस्तू आणायचे पैसे असतील तर मी युरियाला पसंती देईन.

दोन ताणांची बेरीज होत नाही

यावरच थोडं थांबतो, कारण उपाय चुकण्याचं मूळ इथे आहे. वनस्पतिशास्त्रात बराच काळ प्रत्येक ताण वेगळा अभ्यासला जाई: एका कुंडीला तहान, दुसरीला उष्णता. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉन मिटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ॲराबिडोप्सिसला दोन्ही एकत्र दिले. नुसत्या दुष्काळात झाड प्रोलिन साठवतं. दुष्काळ आणि उष्णता एकत्र आल्यावर ते प्रोलिन सोडून सुक्रोजकडे वळलं. एकेकट्या ताणात न दिसणारी जनुकंही जोडीत जागी झालेली दिसली. म्हणजे झाड जोडीला तिसराच ताण समजतं आणि त्याला वेगळं उत्तर देतं.

कधी जोडी फायद्याचीही ठरते. २०१४ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांच्या कामात टोमॅटोला क्षार आणि उष्णता एकत्र दिल्यावर नुसत्या क्षारापेक्षा कमी इजा झाली. पण त्यावर विसंबू नये. मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये उष्णता, क्षार, तीव्र प्रकाश, आम्लता, जड धातू, रोपाला पेलवतील इतक्या बेताच्या मात्रेत एकावर एक चढवत नेले. एकेकटे ते रोपाचं फार बिघडवत नव्हते. संख्या वाढत गेली तशी वाढ खुंटली आणि शेवटी रोपं जगेनाशी झाली.

विदर्भात याचा सगळ्यात कठीण नमुना खारपाणपट्ट्यात बघायला मिळतो, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात. तिथे कोरड आणि पाणी साचणं यांच्या जोडीला तिसरा भिडू म्हणजे सोडियम. धडधाकट मूळ सोडियमला बाहेर ठेवतं, पण त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. गुदमरलेल्या मुळाकडे ती ऊर्जाच नसते, म्हणून साचलेल्या पाण्यात सोडियम सरळ पानांपर्यंत जातो. जी माती कोरड्या दिवसांत निभावून नेते तीच पावसात झाड मारते. अशा जमिनीत आळवणीने फार साधत नाही. माती परीक्षण करून त्याप्रमाणे जिप्सम, शेणखत आणि निचऱ्याचे चर, हाच मार्ग आहे, आणि तो दोन-तीन हंगामांचा आहे.

सोयाबीनची अडचण वेगळी आहे. तिला पाणी साचलेलं तुलनेने सोसतं; खोडाच्या तळाशी नवी मुळं फुटतात आणि त्यांत हवेच्या पोकळ्या तयार होतात. भात तर त्यातच वाढलेला. कपाशीही खोडाच्या पाण्याजवळच्या भागावर पांढरट फुगीर ठिपके काढून हवा घेण्याची धडपड करते, बुंध्याकडे नीट पाहिलंत तर दिसतील. पण तिचा वेग कमी पडतो. म्हणून एकाच शेतात, एकाच पावसात सोयाबीन हिरवी आणि पऱ्हाटी सुकलेली असं चित्र दिसतं, आणि त्यावरून बियाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आळवणीनंतर

सावरलेलं झाड लगेच जुन्या जोमाने वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. खालची पानं पिवळी-तांबूस होऊन गळतील, पाते गळतील. पातेगळ हा झाडाचा स्वतःचा उपाय आहे. खर्च परवडत नाही म्हणून ते बोंडं टाकून देतं. अशा वेळी वाढवर्धक फवारून पाते धरून ठेवायला भाग पाडणं मला पटत नाही. आधी शेंड्याला नवी पानं फुटू द्या. ती आली म्हणजे मूळ चालू झालं. मग पानांवरून हलकं खत आणि हवं तर पातेगळीची फवारणी.

वापसा आल्याबरोबर कोळपणी किंवा डवरणी करा. वरची पपडी फुटली की हवा आत जाते, तणही जातं. वापसा येण्याआधी औत घातलं तर माती चोपली जाऊन पुन्हा तेच. आठवड्याने सुकलेल्या झाडांपैकी ज्यांच्या खोडाची साल नखाने खरवडल्यावर हिरवी लागत नाही, ती उपटा. बाकीची ठेवा. पहिल्या दिवशीच सगळी उपटून जागा मोकळी करणारे लोक आहेत. सप्टेंबरमध्ये मोकळ्या झालेल्या जागेत तणाशिवाय दुसरं काही येत नाही.

पुढच्या वर्षी

पाऊस कसा पडेल ते आपल्या हाती नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपूर शहर पावसाने पाण्याखाली गेलं. असा हंगाम पुन्हा येणारच, म्हणून कोरड आणि साचलेलं पाणी दोन्हींना एकाच वेळी उत्तर देणारी व्यवस्था हवी. सुदैवाने ती एकच आहे: सरी.

शक्य असेल तर लागवडच बोदावर किंवा रुंद वरंब्यावर करा. सपाट लागवड झाली असेल तरी संधी जात नाही. पीक महिना-सव्वा महिन्याचं असताना डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी बांधून डवरणी केली की ओळींच्या मध्ये सरी पडते आणि माती झाडाला लागते. कमी पावसात ही सरी पाणी अडवते, जास्त पावसात बाहेर काढते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचीही ही जुनी शिफारस आहे. खर्च एका डवरणीचा, जी तुम्ही करणारच होतात. फक्त सरीचं खालचं टोक चराला मिळालेलं असलं पाहिजे, नाहीतर सरी म्हणजे लांबोडकं डबकं.

विहिरीला पाणी असेल तर खंडात भेगा पडायची वाट बघू नका. एकाआड एक सरीतून हलकं पाणी द्या. झाड फार कोरडं पडलं नाही तर त्याची बारीक मुळं जिवंत राहतात आणि पुढच्या पावसाचा धक्का कमी बसतो. पाट मोडून सगळं शेत एकदम भिजवणं म्हणजे मर आपल्या हाताने आणणं. पाऊस न पडताही, नुसत्या अशा पाण्याने, सप्टेंबरच्या उन्हात झाडं सुकलेली दिसतात. येत्या दोन-तीन दिवसांत जोरदार पावसाचा अंदाज असेल तर पाणी देऊच नका. ठिबक असणाऱ्यांनी खंडानंतर पहिल्यांदा पाणी सोडताना तासन्‌तास सोडू नये. थोडं थोडं, रोज.

झाडाचा आकारही आपल्याच हाती आहे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ दिला, कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण. तेव्हापासून मोठ्या घेराची, एकाच वेळी खूप बोंडं धरणारी कपाशी आपल्याला आवडते. आकस्मिक मरीला तीच लागते. भारी, सपाट, निचरा नसलेल्या रानात भरमसाट युरिया घालून माणसाएवढी पऱ्हाटी वाढवण्यापेक्षा मध्यम उंचीचा, लवकर येणारा वाण जरा दाट लावणं शहाणपणाचं. एकेका झाडावर बोंडांचा भार कमी आणि एकरी बोंडं तेवढीच. नत्राची मात्रा तीन वेळा विभागून द्या, म्हणजे एकदम घेर वाढत नाही.

आणि रोटाव्हेटर. दरवर्षी एकाच खोलीवर फिरवलेल्या रानात त्या पात्यांखाली कडक थर बसतो. वरचं पाणी त्यावर थबकतं, सोटमूळ त्यावर आडवं होतं. सुकलेलं झाड उपटलं आणि सोटमूळ काटकोनात वळलेलं दिसलं तर कारण तिथेच सापडलं. उन्हाळ्यात माती कोरडी असताना एकदा सबसॉयलर मारून घ्या. ओल्या मातीत मारला तर नुसती चीर पडते आणि थर तसाच राहतो.

मिरची, टोमॅटो आणि वांग्यालाही खंडानंतरच्या पावसात असंच होतं, पण तिथे बुरशी आणि जिवाणूंची खरीखुरी मरही येते, म्हणून खोड चिरून पाहिल्याशिवाय वरची आळवणी तिथे उचलू नका. जिवाणूजन्य मरीत कापलेल्या खोडाचा तुकडा पेलाभर स्वच्छ पाण्यात उभा धरला की दुधासारखा धूर खाली उतरतो. तो दिसला तर झाड उपटून शेताबाहेर न्यायचं.

वेचणीच्या वेळी एक लक्षात ठेवा. मर लागलेल्या झाडांची बोंडं अवेळी उमलतात, त्यांतला कापूस अपक्व आणि कमजोर धाग्याचा असतो, सरकी पोचट. ती वेचणी वेगळ्या गाठोड्यात ठेवा. चांगल्या कापसात मिसळली तर प्रत पाहणारा सगळ्याच गाडीचा भाव पाडतो.